गोळी चालू आहे, पण ठरवतंय कोण?

बोईसरला आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी जा, टीव्हीशेजारी किंवा फ्रीजवर प्लास्टिकचा एक डबा असतोच. त्यात बीपीची गोळी, शुगरची गोळी, गॅसची गोळी आणि अलीकडे बऱ्याच घरांत चौथी एक गोळी असते, नसांची. पहिल्या तिन्हींबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात, एकमेकांना नावंसुद्धा सांगतात. चौथीची गोष्ट निघाली की आवाज खाली येतो. कुणी म्हणतं ती मिरगीची गोळी आहे, कुणी म्हणतं डोक्याची आहे, आणि कुणी जवळ येऊन सांगतं, "भाभी, ती नशेची गोळी आहे, बंद करा."

आमच्या घरात ही गोळी गेली सहा वर्षं आहे. ती घेतात अब्बा, आमच्यापैकी एकाचे वडील आणि एकीचे सासरे. आम्ही दोघं नवरा-बायको. एक पालघरच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी, दुसरा एमआयडीसीत शिफ्टवर जाणारा. शिवाय अम्मी आणि दहावीतली मुलगी. दुखणं एकट्या अब्बांचं असलं तरी रात्री दोन वाजता त्यांच्यासोबत उठून बसणारे, चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जाणारे आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे आम्ही सगळेच. म्हणून इथे जे लिहितो आहोत ते "आम्ही" म्हणूनच, आणि अब्बांची परवानगी घेऊन.

अब्बांनी तारापूर एमआयडीसीत सव्वीस वर्षं काढली. आमच्या या पट्ट्यात समुद्राच्या काठाला १९६९ पासून चालू असलेलं अणुवीज केंद्र आहे आणि बोईसरच्या बाजूला शेकडो कारखाने. त्यांत औषधांचा कच्चा माल बनवणारे पुष्कळ. अशाच एका कारखान्यात अब्बा पावडरचे ड्रम भरायचे, सील करायचे, गाडीत चढवायचे. ती पावडर कुठल्या आजारावर जाते हे त्यांनी कधी विचारलं नाही. "माल निघाला की आपलं काम संपलं," असं ते आजही म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या औषधाचे ड्रम उचलणाऱ्या माणसाला स्वतःची एक गोळी रोज घ्यायची म्हटलं की कमीपणा वाटत होता.

शुगर त्यांना एकोणीस वर्षांपासून आहे. सहा वर्षांपूर्वी पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आधी वाटलं, बसून बसून पाय आखडला असेल. मग रात्री तळव्यांची आग सुरू झाली. चादर पायाला लागली तरी सहन होईना. दिवसा त्याच पायातली चप्पल निसटून मागे राहिली तर त्यांना कळायचं नाही. एकाच पायाला रात्री कपडा लागला तरी दुखतं आणि दिवसा चप्पल गेलेली कळत नाही, हे आम्हाला कोडंच होतं.

त्याचा उलगडा असा. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास तिथून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. काही तंतू मेल्यासारखे होतात, तिथे बधिरता येते. काही बिघडतात आणि कारण नसताना मेंदूकडे "दुखतंय, दुखतंय" असा निरोप पाठवत राहतात. पायाला जखम नसते, सूज नसते, एक्स-रे चांगला येतो, तरी दुखणं खरं असतं. ताप-अंगदुखीच्या साध्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. उलट दुखणं मारणाऱ्या काही गोळ्या रोज घेतल्या तर शुगरवाल्या माणसाच्या किडनीवर ताण येतो.

डॉक्टर विचारतात, "कसं दुखतं?" अब्बा सांगायचे, "बहोत दुखतं." या उत्तरावर डॉक्टर तरी काय करणार? तेव्हा घरातली शाळेतली सवय कामाला आली. आमच्या मुलीने एका रविवारी अब्बांना समोर बसवून शब्दांची यादी केली. मुंग्या, आग, चरचर, सणक, ठणका, टोचणं, बधिरपणा, करंट बसल्यासारखं. उर्दूतून जलन, चुभन, सुन्न, टीस. प्रत्येक शब्दापुढे "हो", "नाही", "कधी कधी" आणि दिवसाची वेळ. अब्बांनी ठणक्यावर फुली मारली आणि आग, मुंग्या, करंट, सुन्न या चारांवर "हो" सांगितलं. हा खेळ नव्हता. नसांचं दुखणं ओळखण्यासाठी डॉक्टर जगभर दहा मुद्द्यांची एक प्रश्नावली वापरतात, तिला डीएन-फोर म्हणतात. तिच्यात हेच विचारलेलं आहे : जळजळ आहे का, करंट बसतो का, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का. दहापैकी चार किंवा जास्त उत्तरं "हो" आली तर दुखणं नसांचं असण्याची शक्यता मोठी. आणि ही वाट जुनी आहे. इब्न सीना यांनी जवळपास हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये दुखण्याचे पंधरा प्रकार नोंदवले. टोचणारं, चरचरणारं, भोक पाडल्यासारखं, बधिर करणारं, असे वेगवेगळे. दुखण्याचं वर्णन नीट झालं तर उपचार नीट होईल, हे त्या हकीमांना ठाऊक होतं. आपल्याकडे वडीलधारी माणसं "ठीक है" म्हणून गप्प बसतात. त्यांच्याकडून शब्द काढून घेणं हे घरच्यांचं काम आहे.

आता त्या गोळीबद्दल. अब्बांना दिलेलं औषध प्रेगाबॅलिन. त्याचा थोरला भाऊ गॅबापेंटिन. गॅबापेंटिनला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली ती मिरगीसाठी. प्रेगाबॅलिनला २००४ मध्ये मधुमेहामुळे आणि नागिणीनंतर होणाऱ्या नसांच्या दुखण्यासाठी. अॅमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही दुसरी दोन औषधं मुळात उदासीनतेवरची. म्हणून पाकिटातला कागद वाचला की घरात घबराट होते : आमच्या माणसाला मिरगी कधी झाली? याचं डोकं फिरलंय असं डॉक्टरला वाटतं का? तसं काही नसतं. बिघडलेली नस आणि मिरगीतला मेंदू या दोन्ही ठिकाणी अडचण एकाच जातीची, पेशी गरजेपेक्षा जास्त निरोप पाठवतात. प्रेगाबॅलिन त्या निरोपाचा आवाज कमी करतं. नस मात्र दुरुस्त होत नाही. त्यासाठी साखर ताब्यात ठेवणं हीच खरी मेहनत, आणि तिनेही गेलेली नस परत येईलच असं नाही, पुढची हानी मंदावते.

दुखणं किती कमी होईल याचा अंदाज आधीच असलेला बरा. २०२२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या १३० रुग्णांची एक चाचणी छापून आली. अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रेगाबॅलिन यांपैकी एकापासून सुरुवात करायची आणि कमी पडलं तर दुसरं जोडायचं, अशी ती होती. तिन्ही वाटांनी गुण साधारण सारखाच आला. दहापैकी साडेसहाच्या आसपासचं दुखणं सोळा आठवड्यांनंतर सव्वातीनच्या जवळ उतरलं. म्हणजे निम्मं. शून्य नाही. "गोळी खाऊनही दुखतंच" अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. मग ते आणखी एक डॉक्टर गाठतात, आणि तिथून आणखी एक चिठ्ठी येते.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. शुगरच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ७५ मिलिग्रॅम लिहिलं होतं. दीड वर्षापूर्वी गुडघ्यासाठी अब्बा दुसरीकडे गेले, तिथून "नसांची ताकद" म्हणून एक वेगळं पाकीट मिळालं. नाव वेगळं, रंग वेगळा. आत मिथाइलकोबालॅमिन, म्हणजे बी-ट्वेल्व्ह, आणि त्याच्यासोबत पुन्हा ७५ मिलिग्रॅम प्रेगाबॅलिन, तेही दिवसातून दोनदा. एका डॉक्टरांनी दुसऱ्यांची चिठ्ठी पाहिली नव्हती. मेडिकलवाल्याने दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत घातली. महिन्यामागून महिना तीच पिशवी भरून येत राहिली.

रजब महिन्यात एका पहाटे फजरच्या वजूसाठी उठताना अब्बा मोरीत पडले. हाड मोडलं नाही, अल्हम्दुलिल्लाह, पण कपाळाला चार टाके आले. त्याआधी काही आठवडे पाय सुजलेले, चालताना झोक जायचा, दुपारी टीव्ही पाहता पाहता मान खाली यायची. सगळे म्हणायचे, वय झालं. टाके घालून घरी आल्यावर आम्ही डबा जमिनीवर ओतला आणि प्रत्येक पट्टीवर ब्रँडच्या नावाखाली छापलेलं मूळ औषधाचं नाव भिंग लावून वाचलं. एकच नाव दोन पट्ट्यांवर होतं. दिवसाला दीडशेऐवजी तीनशे मिलिग्रॅम पोटात जात होतं.

ही बातमी नातेवाइकांत पसरली ती वेगळ्याच रूपात : "नशेच्या गोळीने पडले." अब्बांच्या मनाला ते फार लागलं. ज्याने आयुष्यात बिडी ओढली नाही त्याच्या नावापुढे नशा हा शब्द! रमजान दीड महिन्यावर आला होता. "यंदा पूर्ण रोजे ठेवणार, आणि असलं काही पोटात नसताना ठेवणार," असं म्हणून त्यांनी त्या रात्रीपासून दोन्ही पाकिटं बंद केली.

पुढच्या तीन रात्री आमच्यापैकी कुणी झोपलं नाही. अब्बांना घाम सुटायचा, मळमळ व्हायची, छातीत धडधड, आणि पायांची आग पूर्वीच्या दुप्पट. अम्मी म्हणाल्या, "पाहा, लागलीच आहे आदत." चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना घेऊन पालघरला निघालो. मध्ये एकच स्टेशन, उमरोळी, पण अब्बांना तेवढा प्रवासही बसून करवत नव्हता.

पालघरच्या डॉक्टरांनी आधी पिशवीतलं सगळं टेबलावर मांडायला सांगितलं. मग मोजे काढायला लावून तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवला, अंगठ्याच्या हाडावर थरथरणारा चिमटा ठेवला आणि कुठे कळतं, कुठे नाही याची खूण केली. रक्तात किडनीची आणि बी-ट्वेल्व्हची तपासणी लिहिली. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेतली की बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात, हे आम्हाला तिथे कळलं. किडनीची तपासणी यासाठी की प्रेगाबॅलिन जवळजवळ सगळंच लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर ते अंगात साचतं आणि तोच डोस जास्त ठरतो. अब्बांची किडनी थोडी मंदावलेली निघाली.

मग त्यांनी अब्बांच्या मनातला प्रश्न हातात घेतला. ते म्हणाले, "चाचा, शरीराला सवय होणं आणि नशा लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." त्यांनी जे समजावलं ते आमच्या शब्दांत असं. रोज मिळणारं औषध अचानक थांबलं तर शरीर बावचळतं. बीपीच्या काही गोळ्यांचं आणि स्टिरॉइडचंही तसंच असतं, म्हणून कुणी त्यांना नशा म्हणत नाही. ही सवय टाळायची तर औषध पायरी-पायरीने कमी करायचं. नशा म्हणजे दुखणं नसताना घेणं, मजेसाठी स्वतःहून डोस चढवणं, घरच्यांपासून लपवणं, तीन दुकानांतून आणणं, आणि त्यापायी काम, घर, नाती सोडून देणं. अब्बांनी यातलं एकही केलं नव्हतं.

पण डॉक्टरांनी आम्हाला खोटा दिलासाही दिला नाही, आणि आम्हीही वाचकांना देणार नाही. लोक जे बोलतात त्याला थोडा आधार आहे. या औषधाचा गैरवापर होतो. पंजाबातल्या काही जिल्ह्यांत ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या प्रेगाबॅलिनच्या विक्रीवर जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली. ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून प्रेगाबॅलिन आणि गॅबापेंटिन दोन्ही नियंत्रित औषधांत टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की वयस्कर माणसं, फुप्फुसांचा आजार असलेले, किंवा सोबत अफूच्या जातीची वेदनाशामकं घेणारे यांचा श्वास या औषधांनी मंद होऊ शकतो. ट्रामाडॉल हे अशाच वेदनाशामकांपैकी एक. आपल्याकडे सर्रास दिलं जायचं. २०१८ मध्ये सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. झोपेची गोळी आणि दारू यांच्यासोबतही धोका तसाच. म्हणजे ही गोळी वाईट नाही, पण बिनहिशेबाने घेण्याची वस्तूही नाही.

आणि आमच्या घरातला खरा घोटाळा हिशेबाचाच होता. अब्बांची गोळी सहा वर्षं चालू होती, पण ती चालू ठेवावी असं गेल्या दीड वर्षात कुणीच ठरवलं नव्हतं. डॉक्टरांनी ठरवलं नव्हतं, कारण अब्बा त्यांच्याकडे गेलेच नव्हते. अब्बांनी ठरवलं नव्हतं, ते पिशवीत येईल ते घेत होते. ठरवत होती ती जुनी चिठ्ठी, घडीवर फाटलेली, टेप लावलेली. १९४५ च्या औषध नियमांत स्पष्ट आहे की अशा औषधाची चिठ्ठी एकदाच वापरायची. पुन्हा द्यायचं असेल तर तसं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं असलं पाहिजे. प्रत्यक्षात आपण सगळेच "भाई, तेच द्या जे मागच्या महिन्यात दिलं" म्हणतो, आणि दुकानदार देतो. सोय म्हणून हे बरं वाटतं. पण त्या एका वाक्यात डॉक्टर, तपासणी आणि विचार तिन्ही वगळले जातात.

लांब चालणारं औषध एकदा सुरू झालं म्हणजे कायमचं झालं, असं नसतं. ते चालू ठेवणं हा निर्णय आहे आणि तो दर काही महिन्यांनी नव्याने घ्यायचा असतो. पालघरच्या डॉक्टरांनी तो कसा घ्यायचा ते शिकवलं. चार प्रश्न. दुखणं दहापैकी किती होतं आणि आता किती आहे? झोप, चालणं, नमाज, बाजार यांत काय सुधारलं? त्रास काय होतो आहे : गुंगी, झोक, सूज, वजन, धूसर दिसणं, मन खचल्यासारखं वाटणं? आणि डोस कमी करून पाहण्याची वेळ आली आहे का? आम्ही एक शंभर पानी वही घातली. त्यात आठवड्यातून एकदा, जुम्याच्या दिवशी, मुलगी अब्बांना विचारून या चारांची उत्तरं लिहिते. पहिल्या पानावर सगळ्या औषधांची मूळ नावं, डोस आणि कुणी लिहिलं ते. दातांचा डॉक्टर असो की डोळ्यांचा, वही सोबत जाते. मूळ नाव माहीत झाल्याचा दुसरा फायदा म्हणजे जनऔषधी केंद्रातून तेच औषध स्वस्तात मिळतं.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, तो कॅप्सूलचा. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, आणि ते कुठल्या जनावरापासून आलं हे पाकिटावरून कळत नाही. आम्हाला अशा दोन बाजी माहीत आहेत ज्यांनी एवढ्यासाठी औषध गुपचूप सोडून दिलं आणि डॉक्टरांना "घेते" म्हणून सांगत राहिल्या. गुपचूप सोडण्याची गरज नाही. बऱ्याच औषधांच्या साध्या गोळ्या मिळतात, वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही असतात. डॉक्टरांना सरळ विचारावं, ते बदलून देऊ शकतात. आणि पर्याय नसेल तर जाणत्या आलिमांना विचारावं. मात्र कॅप्सूल स्वतः फोडून पावडर घेण्याआधीही डॉक्टरांना विचारायला हवं, कारण हळूहळू विरघळणारं औषध तसं घेतलं तर एकदम अंगात जातं.

राहिला रमजान. अब्बांचं खरं दुखणं तेच होतं. डॉक्टरांनी सांगितलं की नसांची गोळी रोज्याच्या आड येत नाही; दिवसातून एकदा-दोनदा घ्यायची असेल तर वेळा इफ्तार आणि सहेरीला बसवता येतात. फक्त सहेरीच्या गोळीने गुंगी येत असेल तर फजरला उठताना सांभाळायचं. आड येत होती ती शुगर आणि किडनी. मधुमेह आणि रमजान यांवर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शिका आहे. तिच्यात वय, औषधं, किडनी, आधी साखर किती वेळा घसरली यांना गुण देऊन धोका कमी, मध्यम की जास्त हे ठरवतात. अब्बांचे गुण "जास्त"मध्ये आले. आजारी माणसाला सूरह बकरामध्ये जी सवलत दिली आहे ती अब्बांना आमच्यापेक्षा चांगली पाठ होती. पण ती स्वतःला लागू होते हे मान्य करायला त्यांना आठ दिवस लागले. शेवटी मशिदीतल्या मौलाना साहेबांपाशी जाऊन ते स्वतः बोलले. फिदिया दिला. महिनाभर इफ्तारच्या आधी फळं कापायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि कुणाला सुरी हातात धरू दिली नाही.

सध्याची स्थिती अशी. दुसरं पाकीट कायमचं बंद झालं. पहिलं औषध डॉक्टरांनी आधी मूळच्या डोसवर आणलं, मग हळूहळू कमी करून फक्त रात्रीची ७५ मिलिग्रॅम ठेवली. सकाळी ड्युलोक्सेटिन लहान डोसात. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. पायांची सूज उतरली. वहीत दुखण्याचा आकडा आठवरून चारवर आला आहे. गेले दोन महिने तो चारच आहे, पावसाळी हवेत पाचही होतो. अब्बा रात्री पाच तास सलग झोपतात. नमाज खुर्चीवर पढतात. मोरीत भिंतीला धरायला दांडी लावली आहे. वजू करताना पाय पुसून बोटांच्या बेचक्यांत जखम, भेग, फोड आहे का हे अम्मी बघतात. बधिर पायाला लागलेलं कळत नाही, त्यामुळे दिवसातून पाचदा पाय डोळ्यांखालून जातात ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे. घरातसुद्धा ते अनवाणी चालत नाहीत.

नातेवाईक अजून विचारतात, "चालूच आहे का ती गोळी?" आता उत्तर अब्बाच देतात. "चालू आहे, नोव्हेंबरला पुन्हा बघायचं ठरलंय." त्यांना नोव्हेंबरपर्यंत सकाळचं औषध पुरं पडलं तर रात्रीची गोळीही कमी करून पाहायची आहे, आणि डॉक्टर त्याला तयार आहेत. नाही जमलं तर गोळी राहील, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांच्या घरात अशी गोळी आहे त्यांना आमची एवढीच विनंती. आज मगरीबनंतर डबा उघडा, सगळ्या पट्ट्या समोर ठेवा, छोट्या अक्षरातली मूळ नावं घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि कागदावर लिहा. एकच नाव दोनदा आलं तर, किंवा शेवटची चिठ्ठी सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर, त्या कागदासह डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत स्वतःहून काही वाढवू नका आणि काही एकदम बंदही करू नका. आणि शेजारी कुणी दबक्या आवाजात "नशा" म्हणालं, तर त्यांनाही बसवून चहा द्या आणि हे सगळं सांगा. कदाचित त्यांच्याही घरात कुणीतरी रात्री दोन वाजता थंड फरशीवर पाय ठेवून बसलेलं असेल. अल्लाह सगळ्या आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.